पऱ्हाट्यांच्या जाळावरचं भरीत: वांगं निवडण्यापासून आग विझवण्यापर्यंत

दिवाळी सरते, कापसाची वेचणी रंगात येते आणि खान्देशात शेताशेतांत संध्याकाळी धूर दिसू लागतो. जळगाव, यावल, भुसावळ, रावेर या पट्ट्यात हा हंगाम भरीत पार्ट्यांचा. चातुर्मासात वांगं वर्ज्य करणाऱ्या घरांत ते कार्तिकात पुन्हा ताटात येतं. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला तर खंडोबाच्या नैवेद्यालाच भरीत आणि बाजरीचे रोडगे लागतात. वांगी तेव्हा भरात असतात आणि हवा कोरडी असते, त्यामुळे उघड्यावर स्वयंपाक करायला याहून चांगले दिवस नाहीत.

पहिल्यांदाच हा घाट घालणारे लोक फोडणीची फार काळजी करतात. भरीत फोडणीत बिघडत नाही, ते बिघडतं जाळावर. वांगं आतपर्यंत शिजलं आणि सालीचा धूर गरात उतरला, तर मीठ-मिरचीवरही ते चांगलं लागतं. गर कच्चा किंवा पाणचट राहिला, तर कितीही तेल ओता, फरक पडत नाही. म्हणून इथे जाळाबद्दल सविस्तर लिहिलं आहे, मसाल्याबद्दल बेताचं.

सगळी मापं वीस माणसांसाठी दिली आहेत. दहा जण असतील तर सामान निम्मं करा, सरपण मात्र निम्म्यापेक्षा जास्त ठेवा. छोट्या जाळाची ऊब लवकर उडून जाते.

वांगी

भरताचं खान्देशी वांगं हिरवट असतं, त्यावर पांढरे पट्टे असतात. ते मोठं, गरदार आणि कमी बियांचं असतं. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. यावल तालुक्यातलं बामणोद आणि जळगावजवळचं आसोदा ही गावं या वांग्यासाठी प्रसिद्ध आहेत. ते मिळालं नाही, तर मोठं जांभळं भरताचं वांगं चालेल. त्याचा गर जरा ओलसर निघतो आणि रंग मातकट येतो, एवढाच फरक. भाजीची छोटी काटेरी वांगी मात्र घेऊ नका. त्यांत बिया जास्त, गर कमी, आणि मोठ्या जाळात त्यांचा कोळसाच होतो.

भरीत हाच मुख्य पदार्थ असेल, तर माणशी 350 ते 400 ग्रॅम कच्चं वांगं धरा. वीस जणांना 7 ते 8 किलो पुरतं. भाजून सोलल्यावर साल, देठ आणि उडालेलं पाणी वजा जाता किलोमागे साधारण 600 ग्रॅम गर हाती लागतो. म्हणजे 8 किलोचा गर पाच किलोच्या आतबाहेर भरेल.

निवडताना तीन गोष्टी बघा. वांगं आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे. जड वांगं म्हणजे जून आणि बियांनी भरलेलं. साल तकतकीत हवी, दाबल्यावर थोडी दबून परत वर आली पाहिजे. देठ हिरवा हवा. तपकिरी, सुकलेल्या देठाचं वांगं दोन-तीन दिवस जुनं असतं आणि त्याची साल सोलताना गराला चिकटून बसते.

मग किडीसाठी तपासा. फळ पोखरणाऱ्या अळीचं भोक अगदी बारीक असतं. देठाच्या टोपीखाली ते हमखास लपलेलं असतं, म्हणून टोपीच्या पाकळ्या जरा उचलून बघा. भोक असलेलं वांगं बाजूला काढा. भोक दिसलं नाही तरी भाजल्यावर प्रत्येक वांगं उभं उघडून बघायचंच आहे. ही पायरी गाळू नका.

शक्यतो सगळी वांगी सारख्या आकाराची घ्या. एक 250 ग्रॅमचं आणि एक 700 ग्रॅमचं शेजारी ठेवलं, तर धाकटं जळून जातं आणि मोठं कच्चं राहतं. नवख्यांनी 300 ते 400 ग्रॅमचीच वांगी घ्यावीत. किलोभराचं वांगं दिसायला रुबाबदार असतं, पण ते आतपर्यंत भाजायला सरावाचा हात लागतो.

सरपण

पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली काडी, हे या कामाचं खरं सरपण. ती मनगटापेक्षा बारीक, कोरडी आणि फाटेफुटे असलेली असते. काड्यांमध्ये हवा खेळती राहते, त्यामुळे जाळ झटकन उंच होतो आणि काही मिनिटांत बसतो. खाली लाल निखारा आणि गरम राख उरते. भरताला नेमकं हेच लागतं, आधी सालीला धग आणि नंतर मंद आच. तूर निघालेली असेल तर तुराट्याही चांगल्या, त्या किंचित लवकर संपतात.

नोव्हेंबरात यंदाची कपाशी अजून उभी असते. त्यामुळे पऱ्हाट्या मागच्या वर्षीच्या, वर्षभर वाळलेल्या घ्या. ओळखायची खूण सोपी आहे. काडी वाकवली की कट्कन मोडली पाहिजे. वाकून तिच्या सालीचे धागे लोंबले, तर ती ओली आहे. ओल्या काडीचा जाळ उठत नाही, नुसता कडवट धूर होतो आणि वांगं भाजण्याऐवजी वाफेवर शिजतं. गर पाणचट निघण्याचं पहिलं कारण ओलं सरपण. या दिवसांत पहाटे दव पडतं, म्हणून आदल्या रात्री भारे ताडपत्रीखाली ठेवा.

आठ किलो वांग्यांना पऱ्हाट्यांचे दोन मोठे भारे लागतात. तिसरा भारा हाताशी ठेवा. फोडणी आणि भाकरीच्या चुलीसाठी वेगळं सरपण हवं, कारण पऱ्हाटीचा जाळ फार चंचल असतो. तिथे बाभळीची मनगटाएवढी जाड, वाळलेली लाकडं वापरा. आठ-दहा किलो पुरतात.

रंग लावलेली फळी, प्लायवूड, प्लास्टिकची पोती, टायर यातलं काहीही या आगीत जाता कामा नये. कण्हेर, रुई, शेर ही झाडंही नकोत, ती विषारी आहेत. वांग्याची साल फेकली जाते म्हणून काहीही चालतं, असं समजू नका. धूर गरात उतरावा म्हणूनच हा सारा खटाटोप आहे, तेव्हा वाईट धूरही तसाच उतरेल. बांधावर फवारणीचं साहित्य पडलं असेल, तर तिथला काडीकचराही उचलू नका.

जागा

मोकळं, नांगरलेलं किंवा पीक काढलेलं रान बघा. मधोमध तीन मीटरचा गोल माती दिसेपर्यंत झाडून घ्या. काडी, पाला, धसकटं, सगळं बाहेर. कडब्याची गंजी, गोठा, ठिबकच्या नळ्या आणि डोक्यावरच्या विजेच्या तारा यांपासून निदान वीस-पंचवीस पावलं लांब राहा. ठिबकच्या नळ्या हमखास विसरल्या जातात. मातीखाली दोन बोटांवर असलेली नळीही वितळते.

झाडाखाली आग करू नका. सावली छान वाटते, पण पऱ्हाट्यांचा पहिला जाळ छातीपर्यंत चढतो आणि ठिणग्या त्याच्याही वर जातात. राखीव जंगलात आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम, 1927 खाली गुन्हा आहे. डोंगरावर किंवा किल्ल्यावर जाऊन हा बेत करायचा विचार असेल तर तो सोडून द्या. शेतमालकाच्या परवानगीने शेतातच करा.

पाण्याच्या दोन बादल्या, भिजवलेलं गोणपाट आणि फावडं, हे आग पेटवायच्या आधी जागेवर हवं. जाळाजवळ जाणाऱ्यांनी सुती कपडे घालावेत, पदर आणि ओढणी खोचून घ्यावी. लहान मुलांसाठी जमिनीवर चुन्याची रेघ ओढून द्या. नुसतं “लांब राहा” सांगून मुलं लांब राहत नाहीत. भाजलंच, तर त्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट, तूप काही लावू नका. फोड मोठा असेल तर दवाखाना गाठा.

वेळेचं गणित

नोव्हेंबरच्या मध्याला जळगावकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. वांगी उजेडातच भाजून व्हायला हवीत, कारण सालीवरची काळी आणि कच्ची जागा अंधारात ओळखता येत नाही. साडेसातला जेवायचं असेल तर साडेचारला जागा साफ, पाचला जाळ, पावणेसहाला सोलायला सुरुवात, सातच्या आत ठेचणं, मग फोडणी. भाकऱ्यांची चूल सहालाच पेटवा. चाळीस भाकऱ्यांना दोन तव्यांवरही तासाच्या वर वेळ जातो.

भाजणं

वांगी धुऊन पूर्ण पुसा. देठ कापू नका, सोलताना धरायला तोच लागतो. प्रत्येक वांग्याला चाकूच्या टोकाने किंवा बाभळीच्या काट्याने दोन-तीन ठिकाणी टोचा, एक टोचा देठाजवळ असू द्या. आतल्या पाण्याची वाफ होते आणि तिला वाट मिळाली नाही तर वांगं फुटतं. उकळता गर चेहऱ्यावर उडू शकतो. पण टोचणं म्हणजे चिरणं नव्हे. लांब चीर दिली की रस गळतो, राख आत शिरते आणि खालचा निखारा विझतो. घरी गॅसवर भाजताना लावतात तसं तेलही इथे लावू नका. तेलावर काजळी आणि राख चिकटते, मग सोलताना ती गरात येते.

आता रचना. झाडलेल्या जागेवर पऱ्हाट्या आडव्या, एकाच दिशेने अंथरा. थर वीतभर उंच, सव्वा मीटर लांब आणि दीड हात रुंद असावा. त्यावर वांग्यांच्या दोन रांगा लावा. बुडं आत, देठ बाहेर, दोन वांग्यांमध्ये दोन बोटांचं अंतर. चिकटून ठेवलेली वांगी जिथे टेकतात तिथे कच्ची राहतात. वरून पऱ्हाट्यांचा पातळ थर टाका, खालच्याच्या निम्मा. वर जड थर झाला तर हवा कोंडते आणि जाळाऐवजी धूर होतो.

वाळलेल्या गवताची किंवा कडब्याची चूड पेटवून, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूने खालच्या थरात घाला. वारा जाळ पुढे नेतो आणि तुम्ही धुराच्या मागे राहता. रॉकेल, डिझेल, पेट्रोल कधीही नाही. वास गरात उतरतो हे एक कारण, आणि पेट्रोलचा भडका हात सोडत नाही हे दुसरं. पेटत नसेल तर काडी ओली आहे, कोरडी आणा.

पहिली दोन-तीन मिनिटं जाळ उंच जाईल. मागे सरका आणि काहीही करू नका. इथे घाई करून वांगी हलवणारे लोक रचना मोडतात. सहा ते आठ मिनिटांत जाळ बसतो. तेव्हा वांग्यांची वरची बाजू काळी, तडकलेली दिसेल आणि देठाजवळ रस बुडबुडत असेल. चार-पाच फुटी ओल्या काठीने किंवा लांब चिमट्याने प्रत्येक वांगं अर्धं फिरवा. ज्या बाजूला साल अजून हिरवी आहे, तिथे मूठ-दोन मुठी पऱ्हाट्या टाका. हा दुसरा जाळ. तो पाच-सहा मिनिटं चालतो. काही वांगी तिसरी मूठही मागतात.

यानंतरच्या टप्प्यावर नवखे लोक चुकतात. साल सगळीकडे काळी झाली की वांगं भाजलं असं वाटतं. जाळाने साल भाजते, पण मधला गर शिजायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायला फुफाटा असतो. जाळ पूर्ण बसल्यावर निखारे आणि गरम राख काठीने ओढून वांग्यांच्या भोवती आणि थोडी वर घ्या. दहा मिनिटं तसंच राहू द्या, मध्ये एकदा उलटा. वांगी 500 ग्रॅमच्या पुढची असतील तर पंधरा मिनिटं. चूड लावल्यापासून सगळं मिळून अर्धा तास लागतो.

झालं की नाही हे बघायला बारीक काडी देठाच्या अगदी खाली, मानेत टोचा. पोटात टोचू नका. पोट आधी शिजतं, मान सर्वांत शेवटी. काडी लोण्यात जावी तशी गेली तर झालं. जरा जरी अडली, तर मान निखाऱ्याकडे करून पाच मिनिटं ठेवा. पूर्ण भाजलेलं वांगं आपल्याच वजनाने बसतं, चपटं होतं.

अर्धकच्चा गर ओळखायची आणखी एक खूण सोलल्यावर दिसते. नीट शिजलेला गर फिकट हिरवट-पांढरा राहतो. मधला भाग दोन-चार मिनिटांत तपकिरी पडू लागला, तर तो कच्चा आहे. कच्च्या वांग्याला हवा लागली की ते जसं काळवंडतं, तसंच हे होतं. तेवढा भाग कापून वेगळा करा आणि फोडणीत जास्त वेळ परता. तो पूर्ण गरात मिसळला तर घशाला खवखवतो.

सोलणं

वांगी मोठ्या परातीत काढा, राख झटका, पाच मिनिटं थांबा. झाकून ठेवू नका. झाकलं तर साल सुटायला सोपी होते हे खरं, पण वाफ परत गरातच जिरते आणि तो सैल होतो. शेजारी गार पाण्याचं भांडं ठेवा. ते बोटं बुडवायला आहे, वांगं धुवायला नाही. भाजलेलं वांगं पाण्याखाली धरणं ही या सगळ्या कामातली सर्वांत मोठी चूक. राख जाते तशी चवही जाते. राखेचे एक-दोन कण राहिले तर ते बोटाने टिपा.

डाव्या हाताने देठ धरा, साल देठाकडून खाली पट्ट्यांनी ओढा. नीट भाजलेल्या वांग्याची साल तीन-चार पट्ट्यांत निघते. चिकटलेली साल चमच्याने खरवडू नका. तिथला काळा थर गरासोबत आला की भरीत कडू होतं. तेवढा भाग सोडून द्या.

सोललेलं वांगं उभं उघडा आणि अळी बघा. बियांची जाड काळपट रेघ दिसली तर ती काढा. मग देठ छाटा. गर तिरक्या ठेवलेल्या परातीत दहा मिनिटं राहू द्या आणि जमलेलं पाणी एका वाटीत काढून ठेवा. ते फेकू नका. ठेचल्यावर गर घट्ट झाला तर हेच पाणी परत घालायचं आहे, त्यात धुराची चव असते. चार जण बसले तर आठ किलो वांगी अर्ध्या-पाऊण तासात सोलून होतात. हे काम एकट्यावर टाकू नका, गार झालेली साल चिकटते.

ठेचणं

खान्देशात गर लाकडाच्या खोलगट भांड्यात लाकडी मुसळाने ठेचतात. ते नसेल तर लाकडी काठवट आणि जाड लाटणं घ्या. लोखंडी खल टाळा, वांग्याचा गर लोखंडाला लागून काळपट होतो. मिक्सर तर नकोच. त्यात रेषा तुटतात, बिया वाटल्या जातात आणि चिकट लगदा होतो. भरताला रेषा असावी, घासात ती जाणवली पाहिजे. पाच किलो गर तीन घाण्यांत ठेचा. प्रत्येक घाणा चार-पाच मिनिटं, वरून दाबत आणि मध्येच उलटत.

मिरची आणि लसूण आधी वेगळे ठेचून ठेवा. लसूण 200 ग्रॅम. मिरची जाड, पोपटी असेल तर 300 ग्रॅम, लवंगी असेल तर 150 ग्रॅमपासून सुरुवात करा. मिरच्यांचे देठ काढा, लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात डाग पडेपर्यंत परता आणि वाऱ्याच्या बाजूला उभे राहा, कारण ठसका जोरात लागतो. लसूण शेवटच्या मिनिटाला टाका. दोन्ही जाड्या मिठासोबत भरडच ठेचा. खड्याचं मीठ इथे दातासारखं काम करतं, मिरची घसरत नाही. एकूण मीठ 60 ते 70 ग्रॅम लागतं. त्यातलं 50 ग्रॅम आधी घाला, उरलेलं फोडणीनंतर चाखून. मीठ आधीच पूर्ण घातलं तर गराला पाणी सुटतं.

फोडणी

शेंगदाणे 300 ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप 150 ग्रॅम, कांद्याच्या पातीच्या 5 जुड्या, कोथिंबिरीच्या 3 जुड्या, जिरं 3 चमचे, मोहरी 2 चमचे, शेंगदाण्याचं तेल 750 ग्रॅम. तेलाचा आकडा पाहून दचकू नका, खान्देशी भरताला तेल दिसायला हवं. तरीही कमी हवंच असेल तर अर्धा किलोपर्यंत उतरा. त्याखाली गेलात तर मिरची नुसती बोचते.

हळद नाही, लाल तिखट नाही, गरम मसाला नाही. टोमॅटोही नको. त्याचा आंबटपणा धुराच्या चवीवर बसतो. दाण्याचा कूट घालणारेही आहेत, पण कुटाने भरीत जड आणि चिकट होतं. अख्खे तळलेले दाणे दाताखाली येणं हीच याची मजा आहे.

चुलीसाठी तीन विटा पुरतात. दगड घ्यायचे तर नदीपात्रातले घेऊ नका. त्यांत मुरलेलं पाणी तापलं की दगड फुटतो आणि कपच्या उडतात. बाभळीचा जाळ मध्यम ठेवा, मोठं जाड बुडाचं पातेलं चढवा. तेल तापल्यावर आधी दाणे गुलाबी तळून बाहेर काढा. तेलातच ठेवले तर पुढच्या पाच मिनिटांत ते करपतात. मग खोबऱ्याचे काप, अर्ध्या मिनिटात तेही बाहेर. आता मोहरी, जिरं, त्यावर मिरची-लसणाचा ठेचा, दोन मिनिटं. बारीक चिरलेली पात टाका आणि फक्त एक-दीड मिनिट परता. ती हिरवी आणि किंचित करकरीत राहिली पाहिजे. शेवटी गर, दाणे, खोबरं. सगळं तळापासून उलटून तीन-चार मिनिटांत उतरवा. जास्त वेळ शिजवलं तर धुराचा वास उडतो. कोथिंबीर खाली उतरवल्यावर.

काही घरांत फोडणी न देता कच्चं भरीतही करतात. ठेचलेल्या गरात मिरची-लसूण, पात, कोथिंबीर, मीठ आणि वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल. वांगी उत्तम भाजली गेली असतील त्या दिवशी हेच करा, निदान निम्म्या गराचं.

कळण्याची भाकरी

कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र दळलेलं पीठ. 3 किलो ज्वारीला पाऊण किलो उडीद आणि दोन चमचे जाडं मीठ. दळण किंचित भरड हवं. वीस जणांना चाळीसेक भाकऱ्या होतात. पीठ आठ दिवसांच्या आतलं असावं, जुन्या पिठाची भाकरी कडेला तडकते. उडदाच्या चिकटपणामुळे हे पीठ नुसत्या ज्वारीपेक्षा सोपं जातं, म्हणून नवख्या हाताला कळणा बरा.

एका वेळी दोन भाकऱ्यांपुरतंच पीठ कोमट पाण्याने मळा, तळहाताने चांगलं रगडून. थापून तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवा. पाणी सुकतं न सुकतं तोच उलटा. पाणी पूर्ण वाळू दिलं तर भेगा पडतात. दुसरी बाजू भाजली की तव्याखालचा निखारा ओढून त्याच्याजवळ भाकरी उभी करा, ती फुगेल. फुगत नसेल तर बहुधा तवा पुरेसा तापलेला नाही, किंवा थापताना मध्ये पातळ जागा राहून भोक पडलं आहे. थापणं जमतच नसेल तर याच पिठाच्या छोट्या पुऱ्या ओल्या फडक्यावर थापून तळा. भरताबरोबर कळण्याच्या पुऱ्याही तितक्याच खाल्ल्या जातात. सोबत कांदा, मुळा आणि लिंबू पुरे.

शेत नसेल तर

पुण्या-मुंबईत किंवा परदेशात पऱ्हाट्या मिळणार नाहीत. कोळशाच्या शेगडीवर किंवा अंगणातल्या ग्रिलवर भरीत जमतं, फक्त क्रम तोच ठेवा. आधी कोळशावर वाळलेल्या फळझाडाच्या काटक्या टाकून दहा मिनिटं उघडा जाळ, नंतर मंद निखाऱ्यावर झाकण न लावता वीस मिनिटं. नुसत्या मंद कोळशावर सुरुवात केली तर गर शिजतो पण साल तडकत नाही आणि चव बेताची येते. युरोप-अमेरिकेतलं मोठं जांभळं वांगं पाणीदार असतं, त्याचा गर दहाऐवजी वीस मिनिटं निथळू द्या. सोसायटीच्या गच्चीवर किंवा बाल्कनीत ही आग करू नका.

आवराआवर

जेवायला बसण्याआधी जाळाची जागा बघा. राख वरून पांढरी, थंड दिसते, पण खाली निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो. त्यावर नुसती माती लोटू नका. मातीखाली तो आणखी जास्त टिकतो, आणि सकाळी अनवाणी आलेल्याचा पाय त्यात जातो. फावड्याने राख पसरा, पाणी ओता, ढवळा, पुन्हा पाणी ओता. वाफ आणि चर्र आवाज थांबेपर्यंत हे करायचं. शेवटी हाताची पालथी बाजू राखेच्या जवळ धरून बघा. ऊब लागली तर आणखी एक बादली. चुलीतल्या अर्धवट जळालेल्या बाभळीच्या लाकडांनाही हेच, ती एकेक करून पाण्यात बुडवा.

वांग्यांच्या साली आणि देठ खतात टाका. फोडणी दिलेलं भरीत उरलं तर थंडीच्या दिवसांत दुसऱ्या दिवशी सकाळच्या न्याहारीपर्यंत चांगलं राहतं, त्यापुढे पातीमुळे आंबूस वास येतो. गर जास्त झाला आहे असं ठेचतानाच लक्षात आलं, तर तेवढा मीठ-पात न घालता वेगळा काढा आणि घरी गेल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. दोन दिवस टिकतो. खायच्या वेळी ताजी फोडणी द्या आणि वाटीत काढून ठेवलेलं ते धुराचं पाणी त्यात घाला.